लघवी न थांबणं: आई लपवतेय, विषय कसा काढू?

वाटसरू

नमस्कार. लिहावं की नाही, या विचारात बरेच दिवस गेले.

आई ७१ वर्षांची. हिंडती-फिरती, डोकं तल्लख. बाबा गेल्यापासून आमच्याबरोबर असते. गेल्या सहा-आठ महिन्यांत काही गोष्टी दिसत होत्या आणि प्रत्येकीला मी वेगळं कारण चिकटवत होतो. बाहेर जायचं म्हटलं की तिचा गुडघा दुखतो. नातीच्या शाळेतल्या नाटकालाही आली नाही. संध्याकाळी पाचनंतर पाण्याला हात लावत नाही. पहाटे उठून आपले कपडे आपणच धुते, मशीनला लावू देत नाही. थंडीतही खोलीची खिडकी उघडी.

परवा गादी उलटी करायला गेलो, तर खाली प्लॅस्टिकची पिशवी कापून अंथरलेली होती. कपाटाच्या तळाशी जुन्या कापडाच्या पट्ट्या, अगदी नीट घड्या घालून ठेवलेल्या. मी सगळं होतं तसं ठेवलं आणि तिला कळू दिलं नाही. तेव्हापासून झोप लागत नाहीये.

मुलगा म्हणून हे तिच्याशी कसं बोलायचं? बायको म्हणते, मी बोलले तर सुनेला कळलं याचंच त्यांना जास्त लागेल. डायपर आणून गुपचूप कपाटात ठेवावेत का? नेहमीची तपासणी सांगून डॉक्टरकडे न्यावं का? घरात हे पाहिलेल्यांनी किंवा स्वतः सोसलेल्यांनी कृपया सांगा.

बोरूबहाद्दर

वाचतोय. माझ्याकडे सल्ला नाही, पण तुम्ही ती पिशवी होती तशी परत ठेवलीत हे फार आवडलं.

तटस्थ

डायपर आणून द्या, तिच्या खोलीत ठेवा, विषय संपला. वय झालं की हे होतंच. उगाच डॉक्टर, तपासण्या, चर्चा करून त्या माणसाला आणखी ओशाळवाणं का करायचं? ज्यांना काळजी घ्यायची असते ते बोलत बसत नाहीत, करतात.

कोरांटी

वाटसरू, मी तुमच्या आईच्या जागेवरून लिहितेय. वय ५८, गेली नऊ वर्षं.

आधी तटस्थ यांना. माझ्या मुलीने नेमकं हेच केलं होतं. एक दिवस कपाट उघडलं तर माझ्या कपड्यांशेजारी पुडकं. तिच्या मनात माया होती हे आज कळतं. त्या दिवशी मला एवढंच कळलं, की घरात सगळ्यांनी माझ्याबद्दल बोलून घेतलंय, ठरवूनही टाकलंय आणि मला कुणी विचारलेलं नाही. मी ते पुडकं न फोडता माळ्यावर टाकलं आणि पुढचे दहा महिने आणखी सावध झाले. लपवण्यात आम्ही किती तरबेज असतो याची तुम्हाला कल्पना नाही. गडद रंगाचेच कपडे घ्यायचे. कुठेही गेलं की कडेची खुर्ची धरायची. कुणी हसवायला लागलं की उठून दुसरीकडे जायचं. खळखळून हसणं मी सोडलं होतं आणि घरच्यांना वाटत होतं, हिचा स्वभाव बदलला.

तुमच्या आईचा गुडघा खराखुरा दुखतही असेल. पण नाटकाला न येण्याचं कारण दोन तास उठता न येणं हे आहे, असं मी पैजेवर सांगते.

कसं बोलायचं, तर समोर बसवून बोलू नका. दोघांचे हात कशात तरी गुंतलेले असू देत. कपड्यांच्या घड्या घालताना, गाडीत शेजारी बसलेलं असताना. डोळ्यांत बघावं लागत नाही तेव्हा हे सोपं जातं. एका वाक्यात सांगा: "आई, गादीखालची पिशवी दिसली मला. यावर उपचार असतात. आपण डॉक्टरांना विचारू या का?" आणि मग गप्प बसा. ती चिडेल, नाकारेल, कदाचित उठून जाईल. जाऊ द्या. कळलंय आणि आकाश कोसळलेलं नाही, एवढं तिच्यापर्यंत पोचलं की पहिल्या दिवसाचं काम झालं.

"नेहमीची तपासणी" म्हणून फसवून मात्र नेऊ नका. डॉक्टरांच्या टेबलासमोर एकदम हा विषय निघाला तर ती तुमच्यावर परत विश्वास ठेवणार नाही.

रातराणी

कोरांटीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी परिचारिका आहे, वयस्कर रुग्णांच्या विभागात बरीच वर्षं काढली. तटस्थ म्हणतात ते "वय झालं की होतंच" हे वाक्य मी वेगवेगळ्या घरांतून इतक्यांदा ऐकलंय, की त्यावर थोडं सविस्तर लिहिते.

वयाबरोबर हे वाढतं हे खरं. पण वय हे कारण झालं की कुणी खरं कारण शोधतच नाही. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना थेंब जात असतील तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात. एकदम जोराची घाई होऊन संडासाच्या दारापर्यंत पोचेतो होत असेल, तर मूत्राशय भरायच्या आधीच आकुंचन पावतंय. पुष्कळ बायकांना दोन्ही असतं. तिसरा प्रकार म्हणजे मूत्राशय नीट रिकामंच होत नाही आणि वरचं वाहून जातं. हा पुरुषांत प्रोस्टेटमुळे (मूत्राशयाखालची ग्रंथी) जास्त दिसतो. आणि चौथा, ज्यात मूत्राशय ठणठणीत असतं पण गुडघे चालत नाहीत, नाडी सुटत नाही, दिवा सापडत नाही. प्रत्येकाचा उपाय वेगळा. डायपर चौघांनाही तोच.

त्यात काही कारणं अगदी दूर करण्यासारखी असतात: लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता (भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं), वाढलेली साखर, पाणी काढून टाकणारी रक्तदाबाची गोळी, झोपेची गोळी. हे एकाएकी सुरू झालं असेल तर आधी हीच यादी तपासतात.

घरात आजपासून करता येईल असं एक काम म्हणजे तीन दिवसांची वही. किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवी झाली, किती झाली (एक मापाचं भांडं त्यासाठीच वेगळं ठेवा), कधी गळाली, त्या वेळी काय चाललं होतं. तीन दिवसांच्या या वहीतून डॉक्टरांना जे कळतं ते अर्ध्या तासाच्या प्रश्नोत्तरांतून कळत नाही. मोठ्या माणसाचं मूत्राशय साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर धरतं. दर वेळी शंभरच होत असेल तर ते एक सांगतं, रात्रीच सगळं होत असेल तर दुसरंच काही.

आणि वाट बघायची नाही अशी लक्षणं: लघवीत रक्त, लघवी अजिबातच न होणं, आणि मांड्यांच्या मधला भाग बधिर होऊन पायांतली शक्ती जाणं. शेवटच्यात तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.

वाटसरू

कोरांटीताई, रातराणी, मनापासून आभार. त्या पाण्याचं काय? संध्याकाळी पाचनंतर बंद हे बरोबर आहे का?

रातराणी

झोपण्याआधीचे दोन-तीन तास कमी प्यायला हरकत नाही. पण दिवसभराचं एकूण पाणीच कमी केलं तर लघवी दाट होते, मूत्राशयाला टोचते आणि घाई उलट वाढते. वर बद्धकोष्ठ. त्यांचं पाणी सकाळ-दुपारकडे सरकवा. चहा-कॉफी मात्र कमी करून बघा, कॅफीनने घाई वाढते.

पायांवर सूज आहे का पाहा. दिवसभर पायांत साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर काढत बसतात. अशांनी दुपारी तासभर पाय उंचावर ठेवून पडलं तर रात्रीच्या फेऱ्या कमी होतात. पाणी काढणारी गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, वेळ बदलून कधी कधी मोठा फरक पडतो.

टिटवी

मी ३१ वर्षांची. बाळ सात महिन्यांचं. शिंक आली की पाय जुळवून उभी राहते. धाग्यावर सगळे आजी-आजोबांबद्दल बोलताहेत म्हणून लिहायला लाज वाटत होती. नवऱ्याला माहीत नाही. मैत्रिणी म्हणतात बाळंतपणानंतर सगळ्यांनाच होतं, सवय होईल.

खारूताई

टिटवी, बरं झालं लिहिलंस. मी फिजिओथेरपिस्ट आहे, याच विषयात काम करते. पुष्कळ जणींना होतं हे खरं, पण सवय करून घ्यायची गरज नाही. तुझ्या प्रकारात व्यायाम हा पहिला उपचार आहे, गोळी नाही आणि शस्त्रक्रियाही नाही.

१९४८ साली अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने हे व्यायाम मांडले, म्हणून त्यांना केगेल म्हणतात. नाव सगळ्यांना माहीत, करतात मात्र बहुतेक जण चुकीचं. वायू सरू नये म्हणून मागून आवळतो आणि त्याच वेळी पुढून लघवी रोखल्यासारखं करतो, ते दोन्ही मिळून आत आणि वर ओढायचं. पोट, मांड्या, कुल्ले घट्ट होत असतील किंवा श्वास अडत असेल तर चुकतंय. खाली जोर देत असाल तर फायद्याऐवजी नुकसान. माझ्याकडे येणाऱ्यांत महिनोन् महिने खाली जोर देत राहिलेल्या बायका असतात आणि त्या म्हणतात, व्यायाम करून काही झालं नाही. म्हणून शक्यतो एकदा तरी जाणकार व्यक्तीकडून तपासून घ्या.

आठ वेळा आवळायचं, जमेल तेवढे सेकंद धरायचं (आधी तीनच जमतात, मग दहापर्यंत जा), तेवढाच वेळ सोडायचं. असं दिवसातून तीनदा. निदान तीन महिने. तिसऱ्या आठवड्यात काहीच फरक दिसत नाही आणि तिथेच लोक सोडतात. स्नायू आहे तो, दंडाचा असो की ओटीपोटाचा, त्याला वेळ लागतो. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करू नका. त्याने मूत्राशय नीट रिकामं न होण्याची सवय लागते.

आणि एक युक्ती आजपासून वापर: शिंक, खोकला येतोय असं वाटलं की त्याच्या आधी आवळायचं, शिंक होईस्तोवर धरून ठेवायचं. बाळाला उचलतानाही तसंच. आधी लक्षात ठेवावं लागतं, पुढे आपोआप होतं.

वजनाचंही सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वजन जास्त असलेल्या आणि गळती असलेल्या ३३८ बायका होत्या. सहा महिन्यांत ज्यांचं वजन सरासरी ८ टक्के उतरलं त्यांची आठवड्यातली गळती ४७ टक्क्यांनी कमी झाली, तुलनेच्या गटात २८ टक्के. तेवढंसं वजन उतरूनही फरक पडतो, सडसडीत व्हावं लागत नाही. (टिटवी, हे तुला नाही. तू आत्ता झोप मिळव.)

बोरूबहाद्दर

खारूताईंचा प्रतिसाद वाचताना या धाग्यावरचा प्रत्येक जण आवळून बसलेला आहे, हे मी लिहून देतो.

खारूताई

बसू दे की! पुरुषांनाही तेच स्नायू असतात. फक्त सोडायला विसरू नका, सोडणं हा अर्धा व्यायाम आहे.

काजवा

पुरुषांचा विषय निघालाच आहे तर लिहितो. ६४ वर्षं. कर्करोगामुळे प्रोस्टेट पूर्ण काढून टाकलं. गाठ निघाली, जीव वाचला, सगळ्यांनी अभिनंदन केलं. लघवीसाठी घातलेली नळी काढली त्या दिवशी खुर्चीवरून उठलो आणि सगळं पायांवरून खाली गेलं. मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं असं नाही, छापील कागदावर एक ओळ होती. त्या ओळीचा अर्थ असा असतो हे कळलं नव्हतं.

पहिले दोन महिने घराबाहेर पडलो नाही. पुरुषांसाठी वेगळे पॅड मिळतात हे माहीत नव्हतं. बायकोचे पाळीचे पॅड वापरत होतो. ते उपयोगाचे नाहीत. पाळीच्या पॅडची रचना हळूहळू येणाऱ्या दाट रक्तासाठी असते, लघवी एकदम आणि पातळ येते, ती कडेने निघून जाते. लघवीच्या पॅडमध्ये पाणी धरून जेल बनवणारे दाणे असतात, वरचा थर कोरडा राहतो. एवढ्या साध्या माहितीसाठी मी दोन महिने ओल्यात काढले.

व्यायाम मन लावून केले. चौथ्या महिन्यात रात्री कोरडं राहायला लागलं, वर्षाच्या आत दिवसाला एका पातळ पॅडवर आलो. आता जड वस्तू उचलतानाच थेंब जातात. ज्यांचं वर्षानंतरही थांबत नाही त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया आहेत, कृत्रिम झडपही बसवतात. शिवाय लिंगावर कंडोमसारखं आवरण चढवून पायाला पिशवी लावायची सोय आहे, लांबच्या प्रवासाला ती उत्तम.

आणखी एक, यासाठी शस्त्रक्रिया झालेली असायची गरज नाही. लघवी करून उठल्यावर दोन मिनिटांनी चड्डीत थेंब पडतात, हे चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी पुरुषांना होतं. मूत्रमार्गाच्या वळणात थोडी लघवी अडकलेली असते. लघवी झाल्यावर अंडकोशाच्या मागून पुढे, लिंगाच्या मुळाकडे बोटांनी हळूच दाबत आणायचं, ती तिथेच निघून जाते. हे मला ६३व्या वर्षी कळलं. आपण पुरुष एकमेकांना गाडीच्या इंजिनाचं सगळं सांगतो, हे सांगत नाही.

भिरभिरं

काजवाकाका, तुमचं शेवटचं वाक्य कापून ठेवलं.

मी २९. मणक्याला मार लागला, व्हीलचेअरवर असतो. माझं मूत्राशय स्वतःहून रिकामं होत नाही. दिवसातून पाच वेळा पातळ नळी घालून मीच रिकामं करतो, पाच मिनिटं लागतात. १९७२ साली लॅपिडिस नावाच्या अमेरिकन मूत्रविकारतज्ज्ञाने दाखवून दिलं, की यासाठी शस्त्रक्रियागृहाइतकं निर्जंतुक वातावरण लागत नाही, स्वच्छ हात आणि स्वच्छ नळी पुरते, महत्त्वाचं आहे ते वेळेवर रिकामं करणं. माझ्यासारख्यांची मूत्रपिंडं त्यामुळे टिकली.

इथे कुणाला कायमची नळी आणि पिशवी "सोय" म्हणून सुचवली जात असेल तर दहा प्रश्न विचारा. कायम आत राहणाऱ्या नळीने संसर्ग होत राहतात. काहींना ती लागतेच, पण चादर कोरडी राहावी एवढ्यासाठी ती नसते.

तटस्थ

माझ्या प्रतिसादावर बरंच बोलणं झालं. माझी बाजू लिहितो.

बाबा दोन वर्षं अंथरुणाला होते. पक्षाघात. घरात मी एकटा, नोकरी चालू. रात्री तीन-तीन वेळा उठून त्यांना कुशीवर करायचं, चादर ओढायची, खालचं मेणकापड पुसायचं, कपडे बदलायचे, परत झोपवायचं. सकाळी आठला कामावर. त्यांना डायपर नको होता. मी महिनाभर ऐकलं. मग एका रात्री त्यांच्यावर ओरडलो, खूप ओरडलो, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी डायपर आणले. त्यांनी हूं का चूं केलं नाही. मला चार तास सलग झोप मिळायला लागली. त्या झोपेमुळे मी त्यांच्याशी परत नीट बोलायला लागलो.

म्हणून लिहिलं, आणून द्या. करणाऱ्याचीही एक शक्ती असते आणि ती संपते.

कोरांटी

तटस्थ, हे वाचून गप्प झाले. तुमच्या आधीच्या प्रतिसादाला मी जे उत्तर दिलं ते वाटसरूंच्या आईसाठी अजूनही बरोबर वाटतं, कारण त्या चालत्या आहेत आणि त्यांना विचारता येतं. तुमच्या घरी मी असते तर मीही डायपरच आणला असता, आणि महिनाभर थांबलेही नसते.

रातराणी

तटस्थ, अंथरुणाला असलेल्या माणसाला चांगला डायपर लावणं हीसुद्धा काळजीच आहे. तुमचं चुकलं असं इथे कुणी समजत नाहीये.

त्वचेबद्दल मात्र सगळ्यांसाठी लिहिते. ओलं फार वेळ अंगाला राहिलं की त्वचा लाल होते, सोलते, मग तिथे बुरशी येते. दर वेळी साबणाने घासू नका, साबणाने आणखी कोरडी पडते. कोमट पाण्याने किंवा सौम्य क्लिन्झरने पुसायचं, थोपटून कोरडं करायचं, पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर. पातळच. जाड थापलं तर ते पॅडला चिकटतं आणि पॅड शोषेनासं होतं. एकावर एक दोन पॅड लावण्यानेही काही होत नाही, आतल्या पॅडच्या पाठीला प्लॅस्टिक असतं, त्यातून खालच्यापर्यंत काही पोचत नाही. उगाच उबतं.

सांजवारा

माझ्या यजमानांना स्मृतिभ्रंश आहे. तो चौथा प्रकार रातराणींनी लिहिला ना, तो आमच्या घरी. त्यांना लघवी आल्याचं कळायचं, जायचं कुठे ते कळायचं नाही. एकदा कपाटात केली, एकदा कुंडीत. मी आधी रागवायचे, मग रडायचे.

आमच्याकडे जे लागू पडलं ते सांगते. संडासाचं दार उघडं, दिवा रात्रभर चालू, त्यांच्या पलंगावरून कमोड सरळ दिसतं. पांढऱ्या फरशीवर पांढरं भांडं त्यांना वेगळं ओळखू यायचं नाही, गडद निळी सीट बसवली आणि चुका निम्म्यावर आल्या. नाड्या आणि बटणं गेली, सगळं इलॅस्टिक. "लागलीय का?" असं विचारलं की हमखास "नाही". त्याऐवजी दर दोन तासांनी नुसतं "चला, जाऊन येऊ" म्हणायचं. चुळबुळ किंवा कपड्यांशी चाळा सुरू झाला की दोन तासांची वाट बघायची नाही.

झालंच तर "अरे, पाणी सांडलं वाटतं, बदलू या" म्हणते. त्यांना खोटं बोलते असं माझी बहीण म्हणते. मला त्यांचा चेहरा पडलेला बघवत नाही, म्हणून बोलते.

अबोली७

अवांतर, पण विचारायचंच होतं. वासाचं काय करता? गादीचा वास जात नाही.

काजवा

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. जंतू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात तेव्हा तो उग्र वास येतो. म्हणजे सगळा खेळ वेळेचा. ओले कपडे झाकणाच्या बादलीत साठवू नका, लगेच थंड पाण्यातून काढा, मग एन्झाइमवाल्या पावडरीत भिजवा. गादीवर आधी दाबून टिपून घ्या, खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवा, मग झाडून उन्हाला द्या. आणि गादीला जलरोधक खोळ घालाच. प्लॅस्टिकची पिशवी सरकते, आवाज करते, घाम आणते.

कापडी धुऊन वापरायचे पॅड असतील तर फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका, त्यांचं शोषणं जातं.

कोरांटी

पिशवीचा तो आवाज. कुशीवर वळलं की होतो. मी त्या आवाजाने जागी व्हायचे, कुणी ऐकलं का म्हणून.

पाऊलवाट

मला घाईवाला प्रकार आहे, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. किल्ली दाराला लावली की घाई, नळ सोडला की घाई. मी "असू दे, जाऊन घेऊ" करत दर अर्ध्या तासाला जायचे. त्याने मूत्राशयाला कमीत भरायची सवय लागली. मग सहा आठवड्यांचं प्रशिक्षण केलं. घाई आली की पळायचं नाही, पळालं की गळतंच. जागच्या जागी थांबायचं, जमलं तर बसायचं, पाच-सहा वेळा पटापट आवळायचं-सोडायचं, डोक्यात उलटे आकडे मोजायचे. घाई लाटेसारखी येते आणि ओसरते. ओसरली की शांत चालत जायचं. असं करत दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवायचं. अर्ध्या तासावरून मी दोन तासांवर आले.

गोळ्याही घेतल्या होत्या, तोंड इतकं कोरडं पडायचं की बोलता येईना.

रातराणी

पाऊलवाट, त्या गोळ्यांबद्दल वाटसरूंनी लक्षात ठेवावं. मूत्राशय शांत करणाऱ्या एका जुन्या गटाच्या गोळ्यांनी (ऑक्सिब्युटिनिन त्यातलीच) तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि वयस्कर माणसात गोंधळलेपण, विसराळूपणा येऊ शकतो. वेगळ्या पद्धतीने काम करणारी मिराबेग्रॉन आहे, तिच्यासोबत रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. आईच्या बाकीच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. पाळी गेलेल्या बायकांना योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलमही कधी कधी देतात, घाईला त्याचा उपयोग होतो.

टिटवी

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, म्हणून तू ट्रॅम्पोलिनवर आली नाहीस होय? मी इतकी हसले की... ते आधी आवळायचं राहिलं. पण हसले.

बोरूबहाद्दर

टिटवी, मीही हसलो. आणि हो, आवळून.

वाटसरू

सव्वातीन आठवड्यांनी लिहितोय.

कोरांटीताई, तुम्ही सांगितलं तसं कपड्यांच्या घड्या घालताना बोललो. वाक्य पाठ केलं होतं, तरी "पिशवी" या शब्दाशी अडखळलो. आई काही बोलली नाही. हातातला टॉवेल घडी करून ठेवला आणि खोलीत गेली. दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. ते दोन दिवस मला वाटत होतं, सगळं बिघडवलं.

तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठलो तर ती स्वयंपाकघरात अंधारात बसली होती. म्हणाली, "तुझ्या बाबांनाही माहीत नव्हतं." मी विचारलं, किती दिवस? तर म्हणाली, तू कॉलेजात होतास तेव्हापासून. मी ४४ वर्षांचा आहे. मला सहा-आठ महिने वाटत होते.

एवढी वर्षं ती माझ्या लग्नात, मुलीच्या बारशाला, बाबांच्या आजारपणात रुग्णालयातल्या त्या बाकावर, प्रत्येक ठिकाणी हे मनात धरून बसली होती.

आता सांगायचं ते. ती वही लिहायला तयार झाली, पण मला दाखवणार नाही म्हणाली, डॉक्टरांनाच. मी बरं म्हटलं. बायकोला तिने स्वतःच सांगितलं, मी नाही. डॉक्टर बाई आहेत. लघवी तपासली, साखर बघितली, लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरतं ते सोनोग्राफीत पाहिलं. खोकताना-शिंकताना गळणं आणि घाई, दोन्ही प्रकार मिळून आहे म्हणाल्या. बद्धकोष्ठ होतंच. गोळी लगेच दिली नाही, फिजिओकडे पाठवलंय आणि तीन महिन्यांनी बोलावलंय. आई बाहेर आल्यावर म्हणाली, "त्या बाईंनी किती सहज विचारलं." वाटेत दोनदा तेच म्हणाली.

तटस्थ, तुमचा दुसरा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. तुमचं नाव विचारत होती. तिने तुम्हाला "त्या मुलाला म्हणावं, बाबांनी मनात ठेवलं नसणार" असं सांगायला सांगितलंय.

गादीला खोळ घातली. पॅड तिने स्वतः निवडले, दुकानात मी बाहेर थांबलो. नाटक परत आहे पुढच्या महिन्यात. येते की नाही अजून म्हणत नाही, पण सभागृहात संडास कुठल्या बाजूला आहे ते काल विचारलं.

तटस्थ

आईंना माझा नमस्कार सांगा.

कोरांटी

वाटसरू, आधी जाऊन बघून या. दार कुठल्या बाजूला उघडतं, पायऱ्या आहेत का, आत दिवा लागतो का. आणि तिला कडेची खुर्ची द्या, दाराच्या जवळची. तिच्या शेजारी तुम्ही बसा म्हणजे उठताना कुणाला पाय बाजूला घ्यायला सांगावं लागणार नाही. पिशवीत एक जादा पॅड आणि एक कपडा. तो बहुधा लागणार नाही, पण असला की लक्ष नाटकात राहतं.

वाटसरू

शनिवारी जाऊन बघतो. आई विचारतेय, दुपारच्या झोपेत झालेलं वहीत लिहायचं का? नक्की वेळ माहीत नसते.

रातराणी

हो, लिहायला सांगा. झोपल्याची आणि उठल्याची वेळ लिहिली तरी पुरे.